परसातली बेल

माझी वहिनी रश्मी एसटीत कंडक्टर आहे, आणि तिच्याइतकं कमी पाणी पिणारं माणूस मुरुड तालुक्यात दुसरं नसावं. सकाळी निघताना कपभर चहा, दुपारी डब्याबरोबर दोन घोट, आणि बाकीचं घरी आल्यावर काय ते. तिची बाटली सकाळी भरून जायची आणि संध्याकाळी भरलेलीच परत यायची. आई म्हणायची, "हिच्या बाटलीला रोज मुरुड दर्शन घडतं."

कोणी कारण विचारलं तर वहिनी सरळ सांगायची. तिची गाडी डोंगराकडच्या वाड्यांवर जाते. शेवटचा थांबा म्हणजे एक काजूचं झाड आणि गाडी वळवण्यापुरती मोकळी जागा. तिथे ड्रायव्हर तबरेज उतरून करवंदीच्या जाळीमागे जाऊन यायचा, गाडीतले बापये जाऊन यायचे, आणि वहिनी आपल्या सीटवर बसून समोरच्या काचेतून डोंगर बघत राहायची.

"पाणी प्यायलं की पुढचं सगळं आलं," ती म्हणायची. "म्हणून मी सुरुवातच करत नाही."

माझा मोठा भाऊ रत्नपाल, म्हणजे तिचा नवरा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. तिसरीला शिकवतो आणि घरातल्या सगळ्यांशी ते तिसरीत असल्यासारखंच बोलतो. "रश्मी, मानवी शरीरात जवळजवळ सत्तर टक्के पाणी असतं," त्याने एकदा जेवताना सांगितलं.

"मग अजून कशाला ओतायचं?" वहिनी म्हणाली, आणि त्याच्या ताटात भात वाढला.

वहिनीची खरी भाषा बेलची. गाडीतली दोरी एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला, तीनदा ओढली की गाडी भरली, आता मधे कुठे थांबू नका. तबरेजचं आणि तिचं दिवसभराचं बोलणं एवढ्यात भागायचं. दादाचं आणि तिचंही साधारण एवढ्यातच भागतं, फक्त तिथे दोरी नाही.

दोन वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. सातव्या महिन्यात ते बाळ गेलं. त्याबद्दल घरात नंतर कोणी बोललं नाही. महिनाभर आईचा स्वयंपाक अळणी होत होता आणि कोणी मीठ मागितलं नाही, इतकंच.

त्यामुळे या खेपेला मुलगा की मुलगी, कोणासारखं दिसेल, हा विषयच आमच्याकडे निघाला नाही. या बाळाने पूर्ण दिवस आत राहावं, एवढीच सगळ्यांची मागणी होती. पाचव्या महिन्यानंतर वहिनीला गाडीवरून काढून स्टँडवरच्या नियंत्रकाच्या खोलीत बसायचं काम मिळालं. समोर माइक, डोक्यावर पंखा, आणि खोलीला लागून स्वच्छ बाथरूम. तरी बाटली भरलेलीच घरी येत होती. सवय, दुसरं काय, असं आम्ही म्हणालो.

सातवा संपत आला होता. उन्हाळ्यातली एक दुपार. माझं झेरॉक्सचं दुकान स्टँडसमोरच आहे, त्यामुळे वहिनीच्या घोषणा मला पाठ असतात. "अलिबागकडे जाणारी गाडी..." इथपर्यंत ती बोलली आणि माइक खरखरत राहिला. ती गाडी कुठे लागते आहे, निघते आहे की रद्द झाली आहे, काहीच कळेना. लोक पिशव्या हातात घेऊन वर स्पीकरकडे बघत होते. मी रस्ता ओलांडून खोलीत गेलो तेव्हा वहिनी टेबलाची कड धरून उभी होती, कपाळावर घाम, आणि बाजूच्या बादलीत ओकली होती.

"सनी, आईंना सांगू नकोस," ती म्हणाली.

मी सांगितलं नाही. पण सांगू नको म्हटलेली गोष्ट आमच्या बौद्धवाडीत एसटीच्या आधी पोचते. थोड्याच वेळात रिक्षातून आई उतरली आणि तिच्यामागून शेजारची मनुबाई. मनुबाईला स्वतःला सहा मुलं, त्यामुळे बाळंतपण हा विषय तालुक्यात आपल्याकडेच आहे, अशी तिची समजूत.

"कला लागल्या गं बाय!" तिने दारातूनच जाहीर केलं. "डोका खाली आलाय." तिने अजून पोटाला हातही लावला नव्हता.

आईने वहिनीचा हात धरला आणि तो रिक्षात बसल्यावरही सोडला नाही.

मुरुडच्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवून थोडा वेळ वाट बघितली. मग पाठीवर, उजव्या कुशीच्या वर, हलकेच मारलं. वहिनी कळवळून टेबलावरून उठून बसली.

"पोट आवळत नाहीये," बाई म्हणाल्या. "ही कळ बाळंतपणाची नाही."

मनुबाईला हे पटलं नाही, पण लघवी तपासली तेव्हा त्यात रक्त निघालं, आणि आम्हाला सोनोग्राफीसाठी अलिबागला पाठवलं गेलं. दादा शाळेतून परस्पर तिकडे आला. त्याच्या शर्टाला खडूचा हात तसाच होता.

अलिबागच्या डॉक्टरांनी पडद्यावर बरंच काही दाखवलं. आम्हाला त्यातलं बाळ तेवढं ओळखता आलं, ते पाय झाडत होतं.

"मुतखडा आहे," डॉक्टर म्हणाले.

"कोनाला?" आईने विचारलं.

"पेशंटला. उजव्या मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळीत अडकलाय."

"बालाला न्हाय ना?"

"बाळाला कसा होईल, मावशी?"

"मग व्हऊ दे," आई म्हणाली, आणि इतका वेळ उभी होती ती खुर्चीत बसली.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. पोटात बाळ असताना बाहेरून मशीन लावून खडा फोडायचा नसतो. बहुतेक खडे पाण्याच्या जोरावर आपणहून पडतात. म्हणून दिवसाला तीन लिटर पाणी, झोपणं डाव्या कुशीवर, दुखलं तर लिहून दिलेलीच गोळी, मनाने दुसरी नाही. लघवी दर वेळी गाळणीतून, म्हणजे खडा पडला तर हाती लागेल. आणि थंडी वाजून ताप आला तर मागचापुढचा विचार न करता इकडे यायचं. मग आतून नळी घालावी लागेल. ताप चढला तर बाळ वेळेआधी येऊ शकतं.

एवढ्या सगळ्यातलं शेवटचं वाक्य तेवढं आमच्या लक्षात राहिलं. बाकीचं दादाने पाढ्यासारखं तोंडपाठ केलं होतं आणि तो परतीच्या वाटेवर ते पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मुतखडा हा शब्द चारचौघांत घ्यायला आईला लाज वाटत होती. वाडीत ती "किडनीचा प्रॉब्लेम हाय" असं सांगत सुटली. दुसऱ्या दिवशी विहारात लोक जमले तेव्हा रश्मीला किडनी कोण देणार, यावर चर्चा चालू होती. दोघे तयारही झाले होते. मग मात्र आईने लाज बाजूला ठेवली.

खडा म्हटल्यावर प्रत्येकाकडे औषध निघालं. एक कुळथाचं कढण घेऊन आली, एक पानफुटीची पानं. वहिनीने पानं गोठ्यातल्या शेळीला घातली, शेळीला काहीही झालं नाही. स्टँडवरच्या बापयांनी मात्र एकमताने बिअर सांगितली. गरोदर बाईला बिअर सांगणारी ती माणसं इतक्या मनापासून सांगत होती की दादाला रागावणंही जमेना.

"तुम्ही स्वतः घेता?" त्याने एकाला विचारलं.

"रोज."

"मग पडला का खडा?"

"मला खडा झालाच न्हाय, गुरुजी. बघा, केवढा गुन हाय!"

गाळणी हा एक वेगळाच विषय झाला. आईने बाजारातून चहाची नवी कोरी गाळणी आणली, ती चुकूनही स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून तिला लाल दोरा बांधला, आणि ती परसातल्या संडासात खिळ्याला लावली. एवढं करूनही पुढचे काही दिवस घरात सगळेजण चहाच नको म्हणत होते.

वहिनी आता रजेवर घरीच होती. रोज सकाळी आई एक-एक लिटरच्या तीन बाटल्या भरून पडवीत मांडायची. संध्याकाळी तिन्ही रिकाम्या. आई ज्याला त्याला सांगायची, "पिते हो, बिचारी. मुकाट पिते." दादाने कौतुक म्हणून वर्गातल्या मुलांना देतो तसा एक तारा वहीच्या कागदावर काढून बाटलीला चिकटवला. वहिनीने त्याच्याकडे बघितलं नाही.

आठवडा गेला आणि कळ पुन्हा आली. या खेपेला अंगात कसरही होती. अलिबागला दाखल करून घेतलं, सलाइन लावलं.

"पाणी किती पिते?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन बाटल्या. मी सोता भरते," आई म्हणाली.

डॉक्टरांनी नमुन्याची बाटली उजेडात धरली. आत बिनदुधाच्या चहासारखा रंग होता. "मावशी, यात तीन लिटर कुठे दिसत नाहीत," ते म्हणाले. "उद्यापर्यंत ताप उतरला नाही, तर नळी घालायची. आणि मग बाळ थांबेलच, असं मी सांगू शकत नाही."

दादा त्या दिवशी कोणाला काहीही शिकवत नव्हता. तो बाकावर बसून सलाइनचे थेंब बघत होता. वहिनीने डोळे मिटून दोन्ही हात पोटावर ठेवले होते, गाडीत तिकिटांची पेटी धरते तसे.

ताप सकाळी उतरला. नळी टळली. खडा होता तिथेच होता. डॉक्टर म्हणाले, घरी जा, पण पाणी.

घरी आल्यावर संध्याकाळी आई परसात गेली आणि बराच वेळ परत आली नाही. मी मागच्या दारात बसून पेज खात होतो. आई अबोलीच्या वाफ्याजवळ कमरेवर हात ठेवून उभी होती. उन्हाने बाजूची मोगरी मान टाकून बसली होती, कढीपत्ता वाळला होता, आणि अबोली मात्र लग्नघरासारखी फुलली होती. बुडाशी चिखल.

"रश्मे, इकडं ये," आईने हाक मारली.

वहिनी दारात आली.

"आबोलीला पानी कोन घालतंय?"

"मी."

"कुठला?"

वहिनीने बुडाशी साचलेल्या चिखलाकडे बघितलं.

"बाटलीतला?"

"हो."

मग आईचा जो काही आवाज लागला तो चार घरं ऐकू गेला असेल. "आगं, तुला न्हाय तर न्हाय, पोटातल्या पोराची तरी दया हाय का? डॉक्टरसमोर मला खोटी पाडलीस! सवय हाय, सवय हाय... जलली तुजी ती सवय!"

"सवय नाही, आई," वहिनी म्हणाली.

"मग काय हाय?"

वहिनीने सांगितलं ते अगदी माइकवर सांगते त्या आवाजात. "पाणी प्यायलं की तिथे जावं लागतं." तिने संडासाकडे बोट केलं. "मागच्या वेळी तिथेच झालं. मी आत होते. हाका मारल्या, कोणाला ऐकू गेल्या नाहीत. मिक्सर चालू होता. आता कुठेही आत गेले आणि कडी लावली की तेच पुन्हा होणार असं वाटतं. स्टँडवर पण."

खोबऱ्याचं वाटण होतं त्या दिवशी. आमच्या घरात मिक्सर आईशिवाय कोणी लावत नाही.

आईने पदराने हात पुसले आणि ती म्हणाली, "कडी लावू नको. मी बाहेर बसते."

दुसऱ्या दिवसापासून आई संडासाबाहेर पाट टाकून बसू लागली. दोन दिवसांत वहिनी कंटाळली.

"आई, तुम्ही तिथे असल्या की मला होत नाही."

"मी काय बघतंय आत?"

"खोकता तुम्ही."

"मग खोकू पन नको?"

दादाने मोबाइल बरोबर न्यायला सांगितलं. परसात रेंज नसते, हे त्याला घर बांधल्यापासून माहीत आहे.

अशात रविवारी तबरेज भेटायला आला. त्याच्या बायकोने, सफुराभाभींनी, दुधातल्या शेवया दिल्या होत्या, तो डबा त्याने आईच्या हातात दिला. वहिनी गाडीवरून उतरल्यापासून त्याला कोणी नवा कंडक्टर दिला होता आणि त्याच्याबद्दल तबरेजची मोठी तक्रार होती. "मॅडम, तो बेल अशी देतो की मला वाटतं दारावर दूधवाला आलाय." मग आईने त्याला आमची अडचण सांगितली, अर्थात खालच्या आवाजात आणि निम्मी गाळून. पण तबरेजला कळलं.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "मॅडमना बेलची दोरी द्या हातात. बाकीचं त्या बघतील."

मला वाटलं थट्टा करतोय. पण दुसऱ्या दिवशी ड्युटी सुटल्यावर तो भंगारवाल्याकडून घेतलेली एक जुनी पितळी घंटा आणि होडीला बांधतात तसली नायलॉनची दोरी घेऊन हजर. मी स्टूल धरलं. संडासाच्या झरोक्यातून दोरी काढली, कपडे वाळत घालायच्या खांबावरून नेली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत घंटा लटकवली. मग तबरेजने आईला समोर उभं करून शिकवलं.

"चाची, एक वाजली तर थांबायचं. हातातलं सगळं सोडून पळत यायचं. दोन वाजल्या तर सगळं ठीक, चला."

"आन तीन?"

"तीनची तुम्हाला गरज नाही. तुमची काय गाडी आहे?"

वहिनी आत गेली. आम्ही सगळे खिडकीखाली उभे, जसं काही आतून मंत्रीच बाहेर येणार आहेत. दोन टोले वाजले, स्वच्छ, मधे नेमकं अंतर ठेवून.

"ही माझ्या मॅडमची बेल," तबरेज म्हणाला आणि चहा न घेता निघाला.

त्यानंतर बाटल्या खऱ्या रिकाम्या होऊ लागल्या. अबोली पहिल्यासारखी सुकली. वहिनी परसाकडे निघाली की आई मिक्सरचं बटण बंद करून त्यावर हात ठेवून उभी राहायची; दोन टोले ऐकले की मग पुढचं वाटण. दिवसभर टण टण, टण टण. वाडीत नवीन पाहुणा आला की विचारायचा, "इथं स्टॉप झाला काय?" एकदा मनुबाईने आपली ओली गोधडी त्या दोरीवर टाकली. घंटा एकदा दणकून वाजली, आणि दादा अर्ध्या गालाला साबण लावलेला, टॉवेलवर, परसात धावत गेला. तिथे मनुबाई गोधडी झटकत उभी.

"काय झाला रं, रतन?" ती म्हणाली. "एवढा कशाला धावतोस? वेल हाय अजून."

यानंतर दादाने दोरीला पुठ्ठा बांधून त्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, की कपडे वाळत घालू नयेत. मनुबाईला वाचता येत नाही.

कळा अधूनमधून येत होत्या, पण ताप नाही. एका दुपारी मी जेवायला घरी आलो होतो. आई मासे तळत होती. घंटा वाजली, एकदाच. आम्ही दुसऱ्या टोल्याची वाट बघितली. तो आला नाही.

आई हातात उलथनं घेऊन पळाली, तिच्यामागून मी, आणि तवा चुलीवर तसाच. संडासाचं दार उघडं होतं. वहिनी भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पांढरा, आणि हातात लाल दोऱ्याची गाळणी.

"आई, बघा," ती म्हणाली.

गाळणीच्या तळाशी एक तपकिरी कण होता. मोहरीपेक्षा थोडा मोठा, कडेने खरबरीत. आईने तो डोळ्यांजवळ नेऊन बघितला. तिने बहुधा किनाऱ्यावरच्या गोट्याएवढं काहीतरी मनात धरलं होतं.

"ह्यो?" ती म्हणाली. "ह्याच्यासाठी माजी आबोली सुकवली?"

मग तिने श्वास घेतला आणि तिला राग आला. "आनि एकच कशाला वाजवलीस? जीव गेला आमचा!"

"दोन वाजवल्या असत्या तर तुम्ही आला असता का?" वहिनीने विचारलं.

तेवढ्यात मासे जळल्याचा वास आला आणि आई उलथनं घेऊन आत पळाली.

दादाने तो कण होमिओपॅथीच्या रिकाम्या कुपीत घालून अलिबागला नेला. डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफी केली, नळी मोकळी, बाळ ठीक, आणि पाणी चालू ठेवायला सांगितलं. वाडीतल्या बायकांनी कुपी पाहायला मागितली तेव्हा ती तपासणीला गेली होती, त्यामुळे खडा सांगणाऱ्यागणिक वाढत गेला. मी शेवटचं ऐकलं तेव्हा तो बोराएवढा होता.

सातवा कधीच संपला होता. आठवा सरला, नववा लागला. आईच्या हातचं मीठ आता जरा जास्तच पडत होतं. दोन टोले रोज वाजत राहिले.

एका सकाळी वहिनी परसात गेली. आईने नेहमीप्रमाणे मिक्सर बंद करून बटणावर हात ठेवला. दादा बूट घालत होता. घंटा वाजली. दोन टोल्यांनंतर दादा लेस बांधू लागला, आणि तिसरा वाजला.

आई माझ्याकडे बघू लागली. "तीन म्हंजे काय रं, सनी? तबरेजनं सांगितलंच न्हाय."

"गाडी भरली," मी म्हणालो. "आता मधे कुठे थांबायचं नाही."

वहिनी दारात आली होती. एक हात कमरेवर, चेहरा अगदी ड्युटीवरचा. "रिक्षा बोलवा," ती म्हणाली. "आणि पाण्याची बाटली भरून घ्या."

अलिबागला दुपारी मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, पावणेतीन किलोची, आणि आवाज असा की हिला कुठेही, कितीही मिक्सर लावले तरी ऐकू जाईल, असं आई म्हणाली. नाव मैत्री ठेवलं. आम्ही घरी परतलो तेव्हा मिक्सरच्या भांड्यातलं अर्धवट वाटलेलं खोबरं आंबून गेलं होतं. आईने ते शेळीपुढे टाकलं आणि त्याबद्दल कोणालाही शिवी दिली नाही.